रखमाचे डोळे

अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या कुंभार गल्लीत भुताच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जायचे. तरी हे लिहितेय, कारण मनात ठेवून ठेवून कंटाळा आला.

मी वेबकॉमिक काढते. ‘रखमाचा ट्रॅक्टर’ – कागलकडच्या ऊस वाहणाऱ्या पोरीची गोष्ट, पक्क्या कोल्हापुरी बोलीत. ज्या ॲपवर ती येते, त्यांनी कळवलं की वाचक कमी आहेत, पुढचा भाग चालला नाही तर मालिका बंद. मी नोकरी सोडून हे धरलेलं... रखमा बंद म्हणजे मीही बंद.

आमचं घर गणपतीच्या मूर्ती करणारं. आमच्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती फक्त अण्णा, म्हणजे माझे वडील, करायचे. उजव्या डोळ्याची कड ते जराशी वर उचलायचे; गल्लीत कुणीही ओळखावी अशी. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून आखणी चुलतभाऊ करू लागला आणि अण्णा मूर्तींच्या कारखान्याकडे फिरकेनासे झाले. घरातली ती सवय माझ्या टॅबवरही आली – सगळं चित्र आधी, डोळे शेवटी.

त्या दुपारी भाग संपवला, घाईत अपलोड केला, जेवले. मग टॅबवर मूळ फाइल उघडली. शेवटच्या फ्रेममध्ये रखमाचा मोठा चेहरा... आणि डोळ्यांच्या जागी कोरं. विसरलेच होते. भाग मागे घ्यायला ॲप उघडलं, तर तिथे रखमाला डोळे होते. उजव्या डोळ्याची कड जराशी वर.

ॲपवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, आम्ही चित्राला हात लावत नाही.

अण्णा तेव्हा कागलला, माझ्या थोरल्या बहिणीकडे होते. तिला फोन लावला.

“जेवून झोपल्यात की,” अक्का म्हणाली. “पर एक सांगू? झोपंत त्यांचा उजवा हात हलत हुता. चादरीवर बोट फिरवत हुते, रेघ मारल्यागत. मला वाटलं, मलाच भास झाला.”

अण्णा उठल्यावर तिला तो भाग दाखवायला लावला. मग अण्णांचा आवाज आला, “कुणी काढलं, कसं काढलं, मला इचारू नगंस. पर हे डोळं माझंच हायत.”

तो भाग तुफान चालला. कमेंटमध्ये जो तो म्हणत होता, ही पोरगी आपल्याकडेच बघतेय. मालिका राहिली, आता छापील पुस्तकही निघतंय. ‘भाषा जरा शुद्ध करा’ म्हणून शहाणपण शिकवणाऱ्यांनीही मागणी नोंदवलीय... नोंदवू देत की.

कागलहून आल्या आल्या अण्णा म्हणाले, “झोपंत हलतोय म्हंजे हात मेल्याला न्हाय. कुंचला आण.” रोज पाटीवर वेड्यावाकड्या रेघा मारायचे, चिडायचे, पुन्हा मारायचे. यंदा पहिल्या मूर्तीचे डोळे त्यांनी आखले, तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी होती. रेघ थरथरली, पण कड वर गेलीच. मी रडले, लपवलंही नाही.

हात कसा परतला ते डॉक्टर सांगतात – व्यायाम, जिद्द. मला पटतं. पण व्यायाम नंतर सुरू झाला, डोळे आधी आले. मूळ फाइल तशीच ठेवलीय... तिच्यात रखमाला अजून डोळे नाहीत.