अर्ध्या मैलाचा नौकाविहार

नर्मदेवर स्वतःची मोटरबोट ठेवून उन्हाळ्याचे रविवार घालवणारी एक मंडळी बडोद्यात तयार झाली आहे, हे मला या वैशाखापर्यंत ठाऊक नव्हते. माझा भाचा निखिल एका कारखान्यात अभियंता आहे. त्याने तीन मित्रांसह अशी एक बोट घेतली आणि ‘मामा-मामींना एकदा फिरवून आणतो’ असा धोशा लावला. मी तीनदा नकार दिला. चौथ्या खेपेस सौ. मालतीने माझ्या आधीच होकार देऊन टाकला.

माझ्या नकाराला कारण होते, आणि ते नीट सांगितल्यावाचून पुढचे काही कळणार नाही. आम्ही दोघे नर्मदेची परिक्रमा करीत आहोत. करीत होतो, असे म्हणायला हवे. नदी उजव्या हाताला ठेवून एका तीराने मुखापर्यंत जायचे, तिथे समुद्रातून नावेने पलीकडे यायचे आणि दुसऱ्या तीराने आरंभस्थानी परतायचे. संकल्प केल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत मधे कुठेही नदी ओलांडायची नाही. पायांनी नाही, पुलावरून नाही, विमानाने तर नाहीच. वयोमानामुळे आम्ही ती टप्प्याटप्प्याने चालतो. दक्षिण तीर चालत होतो तेव्हा दोन पावसाळे बडोद्याचे घर बंद ठेवून पुण्याला मुलीकडे काढले. समुद्र ओलांडून उत्तर तीरावर आलो आणि त्या दिवसापासून पुणे बंद झाले, कारण वाटेत भरूचचा पूल आहे. पुढे मुलीला मुलगी झाली. ती आता चौदा महिन्यांची आहे आणि आम्ही तिला केवळ फोनच्या काचेत पाहिली आहे.

तेव्हा मी अट घातली: बोट मुख्य धारेपलीकडे जाता कामा नये. काटेकोर बोलायचे तर परिक्रमावासीयाने नावेत पायच ठेवू नये. परंतु टप्पा सध्या थांबलेला आहे, काठाकाठाने जाणे हे स्नानाला उतरण्यासारखेच आहे, असा आधार मी माझा मीच काढला. शास्त्रातून सोयीचा अर्थ काढायला मला वेळ लागत नाही. चाळीस वर्षे संस्कृत शिकवले आहे.

रविवारी देवपूजा आटोपून सहाला निघालो. ज्यांना जायचे असेल त्यांनी याहून उशीर करू नये. नऊनंतर त्या काठावर उभे राहवत नाही. करजणपर्यंत महामार्ग उत्तम आहे. तिथे चहा घेऊन डावीकडे वळलो की केळीच्या बागांमधला अरुंद रस्ता लागतो, आणि शेवटचे तीन किलोमीटर गाडीचे पोट दगडांना घासत जाते. एवढे सोसून जिथे पोचतो त्या स्थळाला ही मंडळी ‘मरीना’ म्हणतात. रिकामी पिंपे एकमेकांना बांधून त्यांवर फळ्या ठोकल्या आहेत आणि बाजूला पत्र्याची शेड आहे. पाहुण्यास माणशी पाचशे रुपये पडतात. त्यात प्लास्टिकची खुर्ची मिळते आणि, जिचे दर्शन पुराणांनी सर्वांस फुकट देऊन ठेवले आहे, ती नदी समोर दिसते.

नऊ बोटी बांधलेल्या होत्या. त्यांतल्या एकीवर इंग्रजीत ‘समुद्राची राणी’ अशा अर्थाचे नाव होते. समुद्र तिने पाहिला असण्याचा संभव नव्हता. मला वाटले, आता या सुटतील. त्या सुटेनात. मालक मंडळी एका बोटीवरून दुसरीवर जात, बसत, खमण खात, इंजिनांची चौकशी करीत आणि तिसरीवर जात. बडोद्याच्या बाजारात, लहरीपुऱ्यात, दुकानांच्या पायऱ्यांवर बसून जे करता येते तेच येथे हलत्या फळीवर, अधिक घाम गाळून चालले होते.

“तमारी केटला हॉर्सपॉवर?”

“साठ. पण हवे नव्वदनी लेवी छे.”

“नव्वद घेऊन जाणार कुठे?” मालतीने निखिलला हळूच विचारले.

“जायचं नसतं गं मामी. असावं लागतं.”

त्यांच्या हातांत थर्मास होते. तासाभरात कोणीही कोणाला त्यातला चहा ओतून दिला नाही आणि आवाज मात्र चढत गेले, यावरून काय ते समजावे. आपल्या दारूबंदीच्या गुजरातेत जे दुकानात मागता येत नाही, ते नर्मदामाईच्या छातीवर बसून प्यायला यांना संकोच वाटत नव्हता. ध्वनिक्षेपकावर गाणे चालू होते. काठावरच्या घाटावर एक म्हातारी सूर्याला अर्घ्य देत होती. तिच्याकडे पाहून एकानेही तो आवाज कमी केला नाही.

या सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे हर्षदभाई, टाइल्सचे व्यापारी. डोक्यावर सोनेरी नांगर शिवलेली पांढरी टोपी, त्यामुळे सगळे त्यांना ‘कॅप्टन’ म्हणत.

“आवो आवो, काका! काकी, तमे छांयडामां बेसो. मला मराठी आवडते हां, थोडी थोडी. आज बेटावर जेवायचं!”

बेट समोरच दिसत होते. फार तर अर्धा मैल. मी माझी अट सांगितली. निखिल ओशाळला, कॅप्टन मात्र उत्साहात आले. त्यांनी फोनवर उपग्रहाचे चित्र काढले आणि बोट टेकवून दाखवले: बेटाच्या अलीकडे पाण्याची बारीक रेघ, पलीकडे रुंद निळा पट्टा.

“जुओ काका, मेन नदी पेली बाजू. ही तर नाली आहे, नाली!”

मी चष्मा पुसून चित्र पाहिले, मग नदी पाहिली. डोळ्यांनाही तसेच दिसत होते. बेटापलीकडे पाणी खूप विस्तीर्ण होते. मी होकार दिला. सुकाणूवर छनाभाई नावाचा म्हातारा माछी, म्हणजे कोळी, बसला होता. ज्याचा जन्म त्या पाण्यात गेला त्याला मात्र मी काही विचारले नाही.

नौकाविहार सात मिनिटे चालला. बेटावर रेतीत छत्र्या रोवल्या, जेवणाचे डबे उघडले. पुरी, बटाट्याची भाजी, आमरस. स्वयंपाक चांगला होता हे कबूल करतो. जेवताना परदेशातल्या मरीनांच्या गोष्टी निघाल्या. कोणी दुबईची सांगितली, कोणी आणखी कुठली. ज्या पाण्यात त्यांनी पाय सोडले होते त्याचा उगम कुठे होतो, हे मी सहज विचारून पाहिले. एका विदुषीने “डॅममधून” असे उत्तर दिले.

हात धुवायला मी बेटाच्या दक्षिण कडेला गेलो. समोरच्या, म्हणजे दक्षिण तीरावरून दहा-बारा म्हशी पाण्यात उतरल्या. आता पोहतील म्हणून मी पाहत राहिलो. त्या पोहल्या नाहीत. तो विस्तीर्ण निळा पट्टा त्या चालत आल्या, आणि एकीचेही पोट भिजले नाही.

मी माघारी येऊन छनाभाईला गाठले. “मुख्य धार कुठली?”

त्याने आम्ही आलो त्या दिशेला हात केला. “आ साल तो आ बाजू छे, दादा. गेल्या पुरात सरकली. पलीकडे बधुं छीछरुं, गुडघाभर पाणी. या बाजूला लांब बांबूही तळाला टेकत नाही.”

“मग मघाशी बोलला का नाहीस?”

“कोईए पूछ्युं नहीं.”

मालती मागे येऊन उभी राहिली होती. मी सांगायच्या आधी तीच म्हणाली, “म्हशी मी मघाशीच पाहिल्या.”

“आणि गप्प राहिलीस?”

“अहो, बोलून काय करणार होते? आलोच होतो आपण.”

बातमी कॅप्टनपर्यंत पोचली. ते धावत आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काका, टेन्शन नको! जाताना एकदा क्रॉस, येताना एकदा क्रॉस. प्लस-मायनस झीरो. हिसाब बराबर!”

मंडळी हसली. निखिल हसला नाही, एवढे त्याच्या बाजूने नोंदवतो. मी म्हणालो, “हर्षदभाई, लग्न मोडून पुन्हा त्याच बाईशी लावले तर मधले काही झालेच नाही, असे तुमच्याकडे मानतात काय?” त्यावर त्यांच्या पत्नी सर्वांत मोठ्याने हसल्या. परतीची सात मिनिटे मी पाण्याकडे पाहिले नाही.

घरी येऊन आता चार दिवस झाले. त्या मंडळींविषयी माझे मत बदललेले नाही. नदीवर राहून नदीशी इतके अनोळखी राहणे यास मोठी साधना लागत असावी. परंतु त्यांनी मला फसवले, असे मला म्हणता येत नाही. टोपीवाल्याला विचारले आणि नावाड्याला विचारले नाही, ही चूक माझी. आणि उत्तर माझ्या सोयीचे होते म्हणून ते मी पुन्हा तपासले नाही.

दुसऱ्याच रात्री मी मालतीला सांगितले की नकळत घडलेल्यासही प्रायश्चित्त आहे. ते घेऊ आणि कार्तिकात पहिल्या पावलापासून पुन्हा आरंभ करू. ती मेथी निवडत होती.

“कार्तिकाला सहा महिने आहेत,” ती म्हणाली. “पुण्याची गाडी उद्याही आहे.”

“म्हणजे तुला याचे काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. दोन वेळा रडले, तुम्ही पूजेत होतात. पण पोर चालायला लागली आहे, अहो. धरायला कोणी नको का?” मग काड्या बाजूला सारीत म्हणाली, “तुम्ही पुन्हा चाला. मी या खेपेला येईन असं आत्ता सांगत नाही.”

तीन वर्षे आम्ही दोघांनी चाललेली वाट ही आमची दोघांची आहे, असे मी धरून चाललो होतो. तिला मी तसे कधी विचारले नव्हते.

शनिवारची दोन तिकिटे काढली आहेत. दिवसाची गाडी आहे. भरूचचा पूल उजेडात लागेल. तिला खिडकीची जागा दिली आहे. मी तिच्या शेजारी बसणार आहे, आणि पूल येईल तेव्हा डोळे मिटायचे नाहीत एवढेच सध्या ठरवले आहे.