ठकीची शेगडी

कुणी काही खायला दिलं की मनकर्णा ते आधी हुंगायची. देवळातला प्रसाद तेवढा डोळे मिटून तोंडात टाकायची. “देवाच्या हाताला काय विचारायचं,” ती म्हणायची, “मानसाच्या हाताला विचारावं लागतंय.”

ही सवय काही जन्माची नव्हती. ती लागली शेहेचाळीस सालच्या संक्रांतीपासून, भिंगारला. तिचा नवरा सहादेव कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करायचा. दोन खोल्यांचा संसार. भिंतीपलीकडच्या खोल्यांत थोरला दीर गोरक्षनाथ आणि जाऊ भागूबाई. भागूबाईच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहून गेले, मांडी मोकळीच. मनकर्णाला मात्र दुसऱ्याच वर्षी दिवस राहिले.

संक्रांतीला भागूबाईनं तिळाचे लाडू वळले आणि चार लाडू धाकट्या जावेच्या ताटलीत घातले. मनकर्णानं त्यातले दोन खाल्ले. तिसऱ्या दिवशी, चौथा महिना पुरता व्हायच्या आत, सगळं संपलं.

अकरा दिवस भागूबाईनंच तिचं केलं. बाजेखाली शेगडी, ओव्या-शोपांची धुरी, सकाळी आळिवाची खीर. “कच्ची बाळंतीन हाय,” ती शेजारणींना सांगायची, “पुऱ्या दिसाचीपरीस जास्ती जपावं लागतंय.” मनकर्णा शेक घ्यायची, पण खीर मोरीत ओतायची. पडल्या पडल्या तिनं हिशेब जुळवला होता. तीळ उष्ण, लाडू जावेच्या हातचे, आणि जावेची मांडी मोकळी. तिन्ही गोष्टी एका दोऱ्यात ओवून तिनं पक्की गाठ मारली.

विचारलं मात्र नाही. ती नुसती पाहत राहिली. पाहणाऱ्याला काही ना काही सापडतंच. होळीपासून भागूबाईची चाल बदलली. दारात यायची ती अंग तिरकं करून, दोन्ही खांद्यांवर पदर घट्ट ओढून, तोही उन्हाळ्यात. चार शब्द बोलून बसायच्या आधीच माघारी. शनिवारी मारुतीला तेल घालायला दोघी बरोबर जायच्या, ते तिनं बंद केलं. मन स्वच्छ असतं तर तिनं डोळ्याला डोळा दिला असता, असं मनकर्णाला वाटलं.

फाल्गुनात साहेबाचं बिऱ्हाड विलायतेला निघालं. मडमेनं सहादेवच्या हातात एक लाकडी खोकं दिलं. आत तांबूस-पांढरं जनावर होतं, सशाहून लहान, उंदराहून मोठं, आणि शेपूट नाही.

“इलायती उंदीर म्हन,” सहादेव म्हणाला. “मडम गिनीपिग म्हनती. गाभन हाय, जपा म्हनाली.”

“चार वर्सं बाग शिंपली,” गोरक्षनाथ ओट्यावरून म्हणाला, “आन बक्षीस काय, तर उंदीर. बरं झालं, हत्ती न्हाई दिला.”

मनकर्णा हसली नाही. गाभण हा शब्द तिच्या मनात जाऊन बसला होता. तिनं त्या जनावराचं नाव ठेवलं ठकी. रोज तुळशीला पाणी घातलं की ती ठकीच्या पोटावर हळूच बोट ठेवायची. आत काहीतरी हलायचं. देवीपुढं तिनं नारळ कबूल केला. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की कुणाचा तरी वाईट हात लागतो, असं तिला वाटायचं.

चैत्र सरता सरता एका संध्याकाळी भागूबाईनं उंबऱ्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवली. “तुज्या ठकीला गं,” म्हणाली आणि तशीच तिरकी निघून गेली. मनकर्णा पोचायच्या आत सहादेवनं ती ठकीपुढं टाकली. सकाळी खोक्यातल्या गवतात दोन इवलेसे जीव गार पडलेले.

मनकर्णानं ते फडक्यात गुंडाळून लिंबाच्या झाडाखाली पुरले. डोळ्यांतून पाणी आलं नाही. “दोन्ही बारीला तिचाच हात,” ती म्हणाली.

“अगं, मुक्या जनावरावर कोन कशाला इख घालंल?” सहादेव म्हणाला.

“बाईमानसाला सोडलं न्हाई, तर जनावर कोन लागून गेलं.”

सहादेवनं तिच्याकडं पाहिलं, टोपी घातली आणि नवं काम शोधायला निघून गेला.

आता ठकी तरी वाचली पाहिजे, एवढंच तिच्या मनात राहिलं. कच्च्या बाळंतिणीचं काय करायचं ते तिला ठाऊक होतं. खोकं चार विटांवर ठेवून खाली शेगडी सरकवली. वरून गोणपाट टाकलं. ओव्याची धुरी दिली. वातीनं आळिवाची खीर ठकीच्या तोंडात पिळली. भागूबाई रोज उंबऱ्यावर ओला पाला ठेवायची, तो ती चिमट्यानं उचलून कुंपणापलीकडं टाकायची. दाराला कडी घालायची. तिसऱ्या दिवशी ठकी कुशीवर पडली, तोंडाशी लाळ, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. मनकर्णानं दोन कोळसे वाढवले आणि घागर घेऊन आडावर गेली.

परत आली तर कडी काढलेली. खोकं विटांवरून उतरवून माठाखालच्या ओल्या जागेत ठेवलेलं. भागूबाई उकिडवी बसून भिजल्या फडक्यानं ठकीला पुसत होती.

मनकर्णानं घागर आदळली. “सोड तिला, आक्का.”

“तूच मारतीस का तिला?” भागूबाईनं मान वर केली नाही. “चैताचं ऊन, आन खाली शेगडी? तिच्या अंगावर देवानं घोंगडी दिल्याली हाय. माज्या माहेरी शेळी गाभडली की सावलीला बांदत्यात, हिरवं घालत्यात. कोळशाचा वास आला, मला ऱ्हावंना.”

“आन तिळाच्या लाडवात काय घातलं हुतंस?”

तीन महिने दाबलेलं वाक्य असं सुटलं. भागूबाईचा हात थांबला. ती भिंतीला धरून उठू लागली, आणि उठताना खांद्यावरचा पदर घसरला. मनकर्णानं पाहिलं. पोट पुढं आलेलं, सहावा महिना तरी असावा.

“तीळ घातले. गूळ घातला,” भागूबाई सावकाश म्हणाली. “मला तिसरा लागला हुता तवा. त्याच घाण्यातले पाच लाडू मी खाल्ले.”

मनकर्णा उंबऱ्यावरच टेकली. ओवलेल्या दोऱ्याची गाठ तिला सुटेना आणि धरवेना.

“मग लपवलंस का?”

“तुजं गेल्यालं. तुज्यापुढं पोट घिऊन कशी मिरवू?” तिनं पदर पुन्हा खांद्यावर ओढला. “आन खोटं कशाला बोलू. तुजी नजर लागंल, ह्येबी वाटलं. माजी दोन गेल्यात.”

 मग मनकर्णा उठली. तिनं पाट मांडला. “बस.” चुलीशेजारच्या डब्यातून मूठभर मीठ, मोहऱ्या आणि तीन सुक्या मिरच्या घेतल्या. ठकीचं खोकं ओट्यावर सावलीत नेऊन ठेवलं, आणि भागूबाईनं येताना आणलेली मूठभर हरळी उचलून, न हुंगता, तिच्यापुढं टाकली.

आत येऊन तिनं जावेवरून सात वेळा मूठ उतरवली. आल्या-गेल्याची, शेजारणी-पाजारणींची, असं म्हणत म्हणत शेवटी “घरातलीची” असं पुटपुटली, आणि मूठ शेगडीत टाकली. नजर लागलेली असली तर मिरच्यांचा ठसका उठत नाही, हे दोघींना ठाऊक होतं. दोघी शेगडीवर वाकून वाट पाहू लागल्या. मोहऱ्या तडतडल्या. मिरच्या काळ्या झाल्या. धूर आला. भागूबाईनं पोटावर हात धरला.

मग ठसका उठला, नाकात झोंबला. भागूबाई खोकू लागली, पाठोपाठ मनकर्णा. दोघींच्या डोळ्यांतून धारा लागल्या. एकमेकींचे दंड धरून त्या खोकत खोकत ओट्यावर आल्या.

ठकी अजून कुशीवरच होती, पण हरळीची एक काडी तिच्या तोंडात गेली होती आणि हळूहळू आखूड होत होती.