मामांचं प्लास्टर आणि माझं खोटं

आमच्या सरकारी दवाखान्यात तळमजल्याच्या टोकाला प्लास्टरची खोली आहे. तिथल्या माणसाला सगळे मामा म्हणतात. डॉक्टरीणबाईसुद्धा मामाच म्हणतात, आणि त्या तर त्यांच्या साहेब! मामा उंचीने बेताचे, पोट सुटलेलं, केसांवर कायम पांढरी पूड. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस पिठाच्या गिरणीतून चुकून इकडे आला. तसं मी बोललेसुद्धा. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

"गिरणीतून नाही आजी, शिडीवरून उतरून आलो," मामा म्हणाले. तरुणपणी ते मोठमोठ्या घरांच्या छतांना प्लास्टरच्या वेलीफुलांची नक्षी बसवायचे. एकदा दवाखान्याचं पडकं छत नीट करायला आले, आणि तेव्हाच्या डॉक्टरांनी त्यांच्या हाताची सफाई बघून त्यांना ठेवूनच घेतलं. "प्लास्टर तेच. फक्त छत रडत नाही," असं म्हणून स्वतःच हसले.

मला हसू येत नव्हतं. माझी नात, आमची चिमणी, जन्मली तीच उजवं पाऊल आत वळवून. तळवा आभाळाकडे बघणारा. पोरगी तीन आठवड्यांची, आणि मला तिचं लग्न दिसायला लागलं होतं. मी सुनेकडे बघून म्हटलं, "गरोदरपणी सातव्या महिन्यापर्यंत स्कूटर चालवली हिनं. दुसरं काय होणार?"

सून खाली मान घालून बसली. मामा पट्ट्या मोजत होते, ते थांबले. "स्कूटरनं पाय वाकडे झाले असते तर निम्मं शहर लंगडलं असतं आजी. पोटात असतानाच काही पोरांचं पाऊल असं वळतं. कुणाचा दोष नसतो. आईचा तर नाहीच नाही. हा पाय सरळ होणार आणि ही पोरगी धावणार. पुढे बोला."

मामांची कामाची रीत ठरलेली. आईने बाळाला पाजायला घ्यायचं. बाळ दूध ओढायला लागलं की डॉक्टरीणबाई पाऊल हळूहळू बाहेर वळवून धरणार आणि मामा बोटांपासून थेट मांडीपर्यंत ओली पट्टी गुंडाळणार. तोंडाने बेसूर गुणगुणणं चालू. गाणं कुठलं ते देवालाच माहीत. मग तळहाताने प्लास्टर चोळत बसायचे, ते घट्ट होईपर्यंत. दर आठवड्याला जुनं काढून नवं. जुनं काढायला करवत नाही हं! टबात भिजवून, टोक शोधून, हाताने उलगडायचं. घरी जाताना मला एकच धडा: "बोट दाबायचं, सोडायचं. पांढरं झालेलं बोट लगेच गुलाबी झालं की आपण सुखी. नाही झालं तर धावत इकडे."

पाच प्लास्टरं झाली. टाचेमागची आखडलेली शीर डॉक्टरीणबाईंनी जराशी सैल केली, वर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. ते उलगडलं तेव्हा मी बघतच राहिले. काय सुरेख पाऊल! दोन्ही जुळी वाटावीत असं. मी मामांचे हातच धरले.

"आनंद करा, पण अर्धाच," ते म्हणाले. आणि त्यांनी काढले ते बूट. दोन इवले चामड्याचे बूट, मध्ये लोखंडी पट्टीने जोडलेले. तीन महिने दिवसरात्र घालायचे, अंघोळीपुरता एक तास सुट्टी. त्यानंतर फक्त झोपेत, चार वर्षांची होईपर्यंत. "पाऊल सरळ झालंय, पण त्याची जुनी खोड गेलेली नाही. बूट सुटले की ते परत आपल्या वाटेला जातं."

माझा मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सून सकाळी आठला बसडेपोच्या तिकीट खिडकीवर जायची ती संध्याकाळी परतायची. दिवसभर चिमणी माझ्याकडे. पहिले दोन दिवस ती बुटांत असं काही रडली की माझं काळीज तुटलं. म्हटलं, पाऊल तर सुतासारखं सरळ आहे, मग या लेकराला बेड्या कशाला? सून गेली की मी बूट काढायचे. ती यायच्या आधी घालायचे. पोरगी दिवसभर पाय झाडत हसायची आणि मला वाटायचं, डॉक्टरांना पुस्तक कळतं, पोर मला कळतं.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेलो. मामांनी पाऊल हातात घेतलं आणि त्यांचं गुणगुणणं बंद पडलं. टाच थोडी वर चढली होती, बोटं आत कललेली. मग त्यांनी बूट उचलला आणि आत बोट फिरवलं.

"सहा आठवड्यांत इथे टाचेचा खळगा पडतो, बोटांचे डाग पडतात. इथे तर निम्मासुद्धा पडलेला नाही. घरी बूट कोण काढतं?"

डॉक्टरीणबाईंनी वळून सुनेकडे बघितलं. सुनेनं माझ्याकडे. आणि माझ्या तोंडातून निघालं, "मला काय माहीत? आई तिची, तिला विचारा."

झालं! डॉक्टरीणबाई सुनेवर बरसल्या. एवढी मेहनत पाण्यात गेली, शिकलेल्या बायकांनी असं करावं का, सगळं काढलं. सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मी तर रोज बूट घातलेले बघूनच निघते हो," एवढंच म्हणत राहिली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण जीभ टाळ्याला चिकटलेली. एरवी मेली कधी थांबत नाही!

मामा माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. आवाज अजिबात चढवला नाही. "पाय परत सरळ होईल. दोन-तीन प्लास्टरं परत घालू, ते काम माझं. पण त्यानंतर बुटाचे बंद कुणाच्या हाती असणार, ते मला कळायला हवं. चुकीच्या माणसाला शिकवलं तर महिन्याभराने आपण परत इथेच. मला भांडायचं नाही आजी, मला फक्त ते हात शिकवायचेत."

चिमणी सुनेच्या मांडीवर, वाकडं पाऊल तोंडात घालायच्या खटपटीत. तिच्याकडे बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. एवढीशी पोर जन्मभर लंगडेल, आणि का? तर आजीला चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून!

"मी काढायचे," मी म्हटलं. "रोज. ही कामावर गेली की. हिला काही ठाऊक नव्हतं."

सुनेनं चिमणीला छातीशी घेतलं. मामा उठले, टब भरायला लागले आणि म्हणाले, "मग या इकडे. आजपासून गुडघा तुम्ही धरायचा."

तीन प्लास्टरं मी धरली. मग बुटाचे बंद बांधायला मामांनी मलाच शिकवलं. आधी मधला, टाच खाली बसली का बघायचं, मगच वरचा. दहा वेळा सोडायला लावून दहा वेळा बांधून घेतले. "रडली तर दोन दिवस रडते. एकदा काढला की मात्र तिला कळतं, रडलं की सुटतं. मग कायमच रडते." हे आधी का नाही सांगितलंत म्हणून मी त्यांच्यावर खेकसले, तर म्हणाले, "सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा त्या सुरेख पावलाकडे बघत होतात."

आता चिमणी दीड वर्षाची आहे. चालते, पडते, परत उठते. गेल्या सोमवारी तपासणीला गेलो तर मामांपुढे एक आजी कमरेवर हात ठेवून उभी. नातवाचे बूट पिशवीत. "पाऊल झालंय ना नीट? मग कशाला त्या लोखंडात अडकवायचं?"

मामांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी त्या बाईला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. बूट काढले ते सांगितलं, आणि सुनेवर ढकललं तेही सांगितलं. सून शेजारीच होती. त्या दिवसानंतर आम्ही दोघी त्यावर कधी अवाक्षर बोललो नव्हतो.

त्या बाईने सगळं ऐकलं आणि एकदम सुनेला विचारलं, "आणि तू गप्प बसलीस? मी असते तर सासूकडे पोर ठेवलंच नसतं!"

सून चिमणीच्या चपलेचा पट्टा लावत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "ठेवते की. रोज आठला यांच्याच हाती देते, आणि डेपोवर जाऊन निवांत काम करते."