सोनावन्संनी अडवलेलं पान

श्रावणातल्या एका सकाळी कोल्हारचा आमचा वाटेकरी सर्व्हिस मोटारीने नगरला आला आणि दारातच उभा राहिला. पाणी दिलं तरी घेईना. "सोनाक्का गेल्या," एवढंच म्हणाला. मी विचारलं, कुठं गेल्या? माझ्या नणंदेच्या बाबतीत हा प्रश्न काही वेडेपणाचा नव्हता, त्या सतत कुठं ना कुठं निघालेल्या असायच्या. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली... आणि मी उंबऱ्यातच बसले.

सोनावन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं, तशा माहेरी कोल्हारला परत आल्या आणि बापाची शेती बघू लागल्या. आवाज असा, की प्रवरेच्या पल्याडचा गडी एका हाकेत ह्या काठाला यायचा. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची धास्तीच वाटे. पण नगरला आमच्या बिऱ्हाडी उतरल्या की माझ्या हातचं पिठलं बोटं चाटून खायच्या आणि म्हणायच्या, "मास्तरीन, तुला सैपाक येतो हे माज्या भावाला कळलं का न्हाई अजून?" हे शाळामास्तर, म्हणून मी मास्तरीण.

स्वराज्य यायच्या थोडं आधीची गोष्ट. ज्यांच्या घराण्यात सत्तावनच्या बंडात कुणी इंग्रजांवर हत्यार उचललं होतं, अशा घरच्या लेकींनी नगरात एक मंडळ काढलं. आत यायचं तर सभेत उभं राहून पूर्वजाचं नाव आणि त्याच्याशी असलेलं नातं सांगायचं. आपल्या घरातलं कोणीतरी बंडात होतं, एवढं वन्संनी लहानपणी कुजबुजीत ऐकलं होतं. कोण, ते आबांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, कधी सांगितलं नाही. मग वन्संनी आपल्या मनाशीच ठरवलं, की पितरांना पाणी सोडताना ज्याचं नाव आबा सगळ्यांत मोठ्यानं घेतात, तोच तो. सभेत उभ्या राहून छाती काढून म्हणाल्या, "रावजी पाटील. माजे पनजोबा."

शेवगावकडच्या एक म्हाताऱ्या बाई शांतपणे बोलल्या, "रावजी पाटलाला तर सायबानं पागोटं बांधलं हुतं. बंडवाल्यांची खबर दिली म्हनून."

बायका हसल्या. मी शेजारीच बसले होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वन्संनी पदर सारखा केला, "खरं काय ते घिऊन येते," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. मंडळात शिरायची त्यांची हौस तिथंच संपली असेल असं मला वाटलं. मी त्यांना अजून नीट ओळखत नव्हते.

त्याच वर्षीच्या सर्वपित्रीला आम्ही कोल्हारला गेलो. आमच्या घरी एक रीत होती. पितरांची पानं मांडून झाली, की शेवटी आणखी एक पान वाढायचं. त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. विचारलं तर वाटसरूचं म्हणून सांगायचं. त्या दिवशी वन्संनी खीर, वडे, अळूवड्या सगळं वाढून ते पान उचललं आणि हातातच धरून ठेवलं.

"आबा, ह्ये पान कुनाचं?"

"वाटसरूचं. ठिव खाली."

"तीन पिढ्या एकच वाटसरू येतो व्हय? नाव घ्या, मंग ठिवते."

कावळे छपरावर गलका करत होते. आबांच्या तोंडाकडे मला बघवेना. बापाला असं भरल्या पंगतीत अडवणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

"संतू..." आबा शेवटी म्हणाले. "माजा सख्खा आजा. बंडात गेल्ता. रावजी त्याचा भाऊ, त्यानंच धरून दिला. आन त्यानंच संतूचं पोर, माजा बाप, सोताचा म्हनून वाढवला. आता कुनाचं नाव घिऊ मी, सांग?"

वन्संनी पान खाली ठेवलं. म्हणाल्या, "दोगांचं घ्या."

पुढच्या सभेला आबा स्वतः आले. काठीवर दोन्ही हात ठेवून सगळं बोलले. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी समजुतीनं सुचवलं, की संतूचं तेवढं जाहीर करू, रावजीचं कशाला. वन्सं म्हणाल्या, "रावजीला गाळला तर माजा बापच हुत न्हाई." त्या दिवशी कुणी हसलं नाही, आणि वन्सं मंडळात आल्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की घरी येऊन मी त्यांची दृष्ट काढली.

परवा सर्वपित्री झाली. आबांना आता दिसत नाही, पण संतू आणि रावजी, दोन्ही नावं त्यांनी सारख्याच आवाजात घेतली. मग म्हणाले, "आता लेकीचं." भटजी हळूच बोलले, "आबा, लेकीचं पान सासरी असतं. शिवाय अजून वर्षही झालेलं नाही..."

आबांनी ओंजळीतलं पाणी तसंच धरून ठेवलं.

"सोनाबाई," ते म्हणाले. "माजी लेक. नाव घेतलंय मी, सूनबाई. वाढ."

मी पान वाढलं.