पाणाड्याची झोप

जमिनीच्या पोटात काय चाललंय हे सांगणारी आणि स्वतःच्या पोटात काय चाललंय याचा जन्मभर पत्ता लागू न देणारी माणसं जगात फार नसावीत. त्यांतलं एक माझ्या वाट्याला चुलत सासरा म्हणून आलं. आटपाडीच्या बाजूला ते नावाजलेले पाणाडे. हातात कडुलिंबाची बेचकी धरून, अनवाणी, डोळे अर्धे मिटून ते रानातून चालायला लागले की मागून गाव मुक्यानं चालायचं. बेचकी झुकली की तिथं टाचेनं खूण करायची, मोबदला म्हणून एक नारळ घ्यायचा आणि घरी जाऊन झोपायचं, असा त्यांचा शिरस्ता. झोप हा त्यांचा दुसरा लौकिक. माझ्या लग्नात ते बँडवाल्याच्या ढोलाला टेकून झोपले होते, आणि ढोल वाजत होता. बायकोकडची मंडळी त्यांना देवासारखं मानतात. मी मानत नसे, आणि त्याला कारण होतं.

गावाकडं मी स्वतःच्या कमाईवर घर बांधलं तेव्हा बोअरसाठी यांनीच जागा दाखवली. मशीन लावलं, आणि दुपारपर्यंत भोकातून नुसता पांढरा फुफाटा उडत राहिला. माझं डोकं तापलं. मशीनवाल्याला, मजुरांना, उन्हालासुद्धा मी नाही नाही ते बोललो. हे झाडाखाली बसलेले. सगळ्या सासुरवाडीसमोर शांतपणे म्हणाले, "पाणी आहे, जावईबापू. तुमच्याशी घासाघीस नको म्हणून वर येत नाही." लोक अजून हसतात. भाजीच्या लिलावात भल्या भल्या डच व्यापाऱ्यांना मी घाम फोडलेला आहे. बोलण्यात मला हरवणारा माणूस एकच निघाला, तोही चुकीची जागा दाखवून. बेचकी खाली जाते ती यांच्या मनगटानं, हे एक दिवस चारचौघांत दाखवून द्यायचं मी तेव्हाच ठरवलं.

इकडं डच मुलखात, रायस्वाइक गावी, आमचं किराणा आणि भाजीचं दुकान आहे. पुतणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, आग्रहावरून काका ट्यूलिप बघायला आले, आणि फुलं उमलायच्या आत जग बंद झालं. विमानं थांबली, दुकानाच्या दारात दीड मीटरच्या पट्ट्या लागल्या, काका आमच्याकडं अडकले. आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी मी खाली येऊन बघतो तर हे जेवणाच्या टेबलावर मांडी घालून बसलेले.

"काका, खुर्च्या आहेत."

"खाली चालू आहे."

"काय चालू आहे?"

"पाणी. फरशीच्या लगेच खाली. इतकं जवळ मी कुठंच बघितलं नाही. तुम्हाला ऐकू येत नाही ते बरंच आहे." बाहेर ऊन आहे असं सांगावं, तितक्या साध्या आवाजात ते म्हणाले.

तेव्हापासून त्यांनी जमिनीला पाय लावणं जमेल तितकं टाळलं. सोफ्यावर पाय वर. आंघोळीला जाताना देवळात शिरावं तसे हात जोडून आत जायचे. शेजारच्या डच आजीबाईंना त्यांनी खुणेनं सांगितलं की तुमचं घर तरंगतंय. त्या हसल्या आणि ठाऊक असल्यासारखी मान डोलावली. झाडांची मालकी इथं खेमेंटेची, म्हणजे नगरपालिकेची. तिला न विचारता त्यांनी कालव्याकाठच्या विलोची फांदी तोडून नवी बेचकी केली. ती हातात धरताच अशी खाली गेली की त्यांनी ती टाकूनच दिली. "हे झाड पाण्याच्या घरचंच पोर. याची साक्ष काय काढायची." डेल्फ्टला नेऊन मी त्यांना तिथला कललेला मनोरा दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "कललेला नाही तो. कान लावून ऐकतोय." चौकात चिटपाखरू नव्हतं, खुर्च्या साखळीनं बांधलेल्या. त्या मनोऱ्याकडं पुन्हा वर बघणं मी टाळलं.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पण ढोलाला टेकून झोपणारा माणूस झोपेना. डोळे खोल गेले, गालांची हाडं वर आली, घास हातातच राहायला लागला. हाउसआर्ट्सला, म्हणजे आमच्या डॉक्टरला, फोन केला, तर त्यानं इथल्या रिवाजाप्रमाणं पॅरासिटामॉल सांगितलं. बायको दुकानात येऊन, भेंडी निवडता निवडता मला म्हणाली, "अहो, काकांचं इथं काही बरंवाईट झालं तर काकूला मी काय तोंड दाखवू? विमानं नाहीत. त्यांना घरी तरी कसं न्यायचं?" त्या दिवसांत हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नसे. त्याच संध्याकाळी काकांनीच मला हाक मारली. "जावईबापू, या देशात एखादी कोरडी जागा असेल का? तासभर झोप झाली तरी भागेल माझं."

देश तो केवढा. शनिवार-रविवारात संपतो. माल आणायची व्हॅन होतीच. मी हो म्हणालो ते काही निव्वळ उपकार म्हणून नाही. कोरड्या जागी यांची बेचकी काय करते ते मला बघायचं होतं.

शनिवारी निघालो. हमरस्त्यावर आमच्याशिवाय गाडी नाही, आणि वरच्या कमानींवर दिव्यांच्या पाट्या कुणासाठी कोण जाणे लखलखत होत्या: घरी राहा. पोल्डरमध्ये शिरलो. तिथली जमीन म्हणजे एकेकाळचा समुद्राचा तळ, बांध घालून उपसलेला. दोन्ही बाजूंनी ट्यूलिपची शेतं रंगांनी पेटलेली आणि बघायला माणूस नाही. काकांनीही बघितलं नाही. ते सीटवर पाय घेऊन बसले होते. या सपाटीच्या मधोमध स्खोकलांड नावाचं एक जुनं बेट आहे. समुद्र गेला, बेट तसंच शेतांत राहिलं. माझा हिशेब सरळ होता: बेट म्हणजे उंचवटा, उंचवटा म्हणजे कोरडं.

बेटाच्या टोकाला बंदर आहे. लाकडी धक्का आहे, बोटी बांधायचे खुंट आहेत, आणि भोवती गवत. कुत्रं घेऊन फिरणाऱ्या एका डच माणसानं लांबूनच विचारलं, काय शोधताय. मी म्हणालो, कोरडी जागा. "मग देश चुकला तुमचा," असं म्हणून तो हसत निघून गेला. मी धक्क्यावरून खाली गवतात उतरलो आणि काकांना हाक मारली. काका काठावर थांबले. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मग ओढा ओलांडताना टाकतात तसे, चाचपत, एकेक पाय उचलून टाकायला लागले.

"काका, गवत आहे ते."

"तुम्हाला गवत आहे."

चार पावलं येऊन ते वळले आणि परत धक्क्यावर चढून माझ्याकडं बघत उभे राहिले. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "जावईबापू, वर या. गळ्यापर्यंत आलंय तुमच्या."

अंगावर काटा आला की मला राग येतो. मी बरंच बोललो. पण बोलत बोलत वर आलो, आणि येताना हनुवटी उचलून आलो, हेही खरं.

मुक्कामाला झ्वोलजवळचं एक हॉटेल मिळालं. अख्ख्या हॉटेलात आम्ही दोघंच, किल्ली दाराबाहेर पाकिटात ठेवलेली. सगळं बंद असताना भाडं पूर्ण कसलं, यावर मी फोनवर भांडून ते कमी करून घेतलं. एरवी अशा विजयानं मला छान झोप लागते. सकाळी काका खिडकीच्या कट्ट्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेले सापडले.

रविवारी गाडी थेट दक्षिणेला काढली, फाल्सच्या टेकडीवर. देशातला हा सर्वांत उंच डोंगर. आटपाडीत याला माळ म्हणतील. तीन देशांच्या सीमा तिथं मिळतात, आणि त्या दिवसांत बेल्जियमच्या बाजूला लोखंडी जाळी उभी केली होती. काकांनी चपला काढल्या, टॉवेलातून गावाहून आणलेली कडुलिंबाची बेचकी काढली आणि झाडांमधून चालायला लागले. मी मागं, नजर मनगटांवर. बेचकी हलली नाही. त्यांनी फेरा घातला, परत घातला. काही नाही.

"झालं तर मग," मी म्हणालो आणि सतरंजी अंथरली. काका आडवे झाले. थोड्या वेळानं उठून बसले.

"झोपा की."

"कसं झोपू? काहीच येत नाही." त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. "समजायला लागल्यापासून हे बोलतायत. असे कधी गप्प बसले नव्हते." मग पुन्हा बेचकी धरून ते निघाले, आधी चालत, मग जवळजवळ धावत, त्या जाळीपर्यंत आणि परत. कपाळावर घाम. "गेलं वाटतं, जावईबापू. आता घरी जाऊन तरी मी काय करू?"

माझ्याकडं वाक्य तयार होतं. कित्येक वर्षं घासून धार लावलेलं: होतं कधी? ते जिभेवर आलंसुद्धा. समोरचा खाली बसला की भाव पाडायचा, हे मला कुणी शिकवावं लागत नाही. पण अनवाणी, दुमडलेल्या पँटमधला तो म्हातारा बघून मी म्हणालो, "इथं पाणीच नाही काका, तर बेचकी करील काय? चला, गाडीत बसा."

"खाली न्या मला," ते म्हणाले. "पाण्याजवळ न्या."

उतार संपला, सपाटी लागली, आणि मी काही विचारायला वळलो तर काका झोपले होते. मान काचेला टेकलेली, तोंड उघडं, खरंखुरं घोरणं. बेचकी हातातच. मास नदीचा पूल आला तेव्हा तिचं टोक सावकाश खाली गेलं, आणि पूल संपल्यावर वर आलं. मला वाटलं धक्का बसला असेल. पुढं वाल नदी, तिचं पात्र रुंद. मी गाडी हळू केली आणि त्यांच्या हातांकडं बघितलं. बोटं सैल पडलेली, मनगटं झोपलेल्या पोराची असतात तशी. टोक झुकलं, पूलभर झुकलेलं राहिलं, उठलं. लेक नदीवर तेच. खाउडाच्या पुढं, जिथं जमीन समुद्राहून खाली आहे, तिथं बेचकी एकदा गेली ती वर आलीच नाही. कुणीतरी खालून दुसरं टोक धरून ठेवल्यासारखी थरथरत राहिली. मी रेडिओ बंद केला. रस्त्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि आम्ही दोघंच आहोत असं मला खात्रीनं सांगता आलं नसतं.

गावच्या त्या बोअरबद्दल त्यांना उठवून विचारावं असं फार वाटलं. विचारलं नाही. पुढं विमानं सुरू झाली, काका गावी परत गेले, तो प्रश्न माझ्याकडंच राहिला.

रायस्वाइकचा फाटा आला तेव्हा ऊन कललं होतं. गाडी थांबली की ते जागे होणार हे उघड होतं. मी वळलो नाही. तसाच डेल्फ्टच्या दिशेनं, सायकलवाल्यालाही लाज वाटेल अशा वेगानं जात राहिलो. बायकोचा फोन आला. कुठं आहात, जेवायला येताय ना.

"येतो," मी कधी नव्हे ते कुजबुजत म्हणालो. "काका झोपलेत."

पलीकडून तिनं सावधपणे विचारलं, "कोण बोलतंय?"