झिणझिण्या आल्या का?

डॉ. कमला आगाशे रत्नागिरीतल्या चार-पाच दवाखान्यांत भूल द्यायला जात. २००१ साली मिरकरवाड्याच्या मच्छीमार रावजींच्या हाताच्या ऑपरेशनला त्यांनी नुसता हात बधिर केला. काखेतला ठोका बोटाखाली धरायचा, शेजारी सुई घालायची आणि विचारायचं, "बोटांत झिणझिण्या आल्या का?" आल्या की सुई नसेला टेकली, तिथेच औषध सोडायचं. पंधरा वर्षं असंच चाललं होतं. पण रावजींची करंगळी दीड महिना बधिर राहिली. पुढे सुधारली, रावजी बोटीवरही जायला लागले. कमलाबाईंच्या मनातून मात्र जाईना. सुई टेकली होती की घुसली होती?

त्यांनी मुंबईला जाऊन नस शोधायचं यंत्र आणलं, वापरायला शिकूनही आल्या. सुईतून बारीकसा करंट जातो. नस जवळ असली की बोटं आपोआप उडतात. तरी यंत्र पिशवीतच राहिलं. सवय सुटत नव्हती.

पुढच्या मार्चमध्ये काजूच्या झाडावरून पडलेली हौसा आली. हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडलेली, त्यात जुना दमा. पूर्ण भूल धोक्याची. कमलाबाई काखेत स्पिरिटचा बोळा फिरवत म्हणाल्या, "झिणझिण्या आल्या की सांगा हं."

"आल्या बाय."

"अहो, अजून सुई टोचलीच नाही."

"तुमी इचारलाव, म्हून म्हटलं."

कमलाबाईंचा हात थबकला. आजवर किती जणांनी नुसता मान राखायला होय म्हटलं असेल? सर्जन दारातून घड्याळ दाखवत होते.

"दहा मिनिटं थांबा," म्हणत त्यांनी यंत्र काढलं.

सुई आत गेली. काहीच हलेना. दिशा बदलली तर नुसता दंड उडाला, बोटं नाहीत. तिसऱ्या खेपेला हौसाची बोटं टकटक मिटू लागली. मोडक्या हाडाला हिसका बसून तिने दात आवळले. करंट निम्म्यावर आणला तरी बोटं मिटतच होती, म्हणजे सुई नसेच्या अगदी जवळ होती. कमलाबाईंनी औषध थोडं थोडं सोडलं.

"मी नाय हलवत हां," हौसा ओशाळून म्हणाली.

वीस मिनिटांत हात लाकडासारखा झाला. हाडांना स्टीलच्या पट्ट्या बसेपर्यंत हौसा जागी राहून बागेतल्या न वेचलेल्या काजूची चिंता करत होती.

संध्याकाळपर्यंत कमलाबाई तीनदा वॉर्डात आल्या. तिसऱ्यांदा बोटं हलली.

"दुखतंय पन बाय."

"औषध देते. आधी डोळे मिटा. आता कुठल्या बोटाला हात लावला ते सांगा."

पाचही बरोबर आली. कमलाबाई इंजेक्शन लिहून जिना उतरल्या आणि अर्ध्यावरून परत फिरून पुन्हा तपासून आल्या.