सुपारी फुटेपर्यंत तोंडात धरलेला घास

काय सांगू तुम्हाला, नवस करावा तर जिभेला विचारून करावा. मी विचारलं नाही. औंधच्या यमाईसमोर हात जोडले आणि बोलून गेले, "आई, आमच्या शकूचं लग्न ठरेपर्यंत गहू खाणार नाही."

शकू माझी नणंद. गुणाची पोर, पण प्रत्येक स्थळ पोहे खाऊन जायचं ते जायचंच. आणि मी कोण? जिला पोळीशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही ती. पण देवीला आवडती वस्तूच द्यायची असते ना? कारलं सोडून कुणाचं लग्न जमलंय?

ज्वारीची भाकरी खात पावसाळा काढला. तेवढ्यात आमचे हे फौजेतून पेन्शनीत आले. येताना पंजाबातल्या एका दोस्ताकडून पिशवीभर बी घेऊन. नाव ट्रिटिकेल. उसाच्या कडेच्या पट्टीत यांनी ते पेरलं. पीक वाढलं छातीएवढं, लोंब्यांना ही लांबलांब कुसळं. रहिमतपूरच्या बाजाराला जाणारी माणसं बांधावर थांबून विचारायची, "सुभेदार, गहू हाय का दुसरं काय?"

"गहू न्हाई गड्या," हे मिशीत हसून सांगायचे. "आई गव्हाची, बाप रायचा. राय म्हंजी थंड मुलखातलं धान्य. दोघांचं लेकरू ह्ये."

मी न्याहारी घेऊन गेले होते. ते शब्द कानावर पडले आणि माझ्या डोक्यात दिवाच लागला म्हणा. आई गव्हाची, बाप रायचा. गोत्र कुणाचं लागतं? बापाचं. म्हणजे हे धान्य गव्हाच्या गोत्रातलंच नाही. मग खायला काय हरकत?

देवीला कौल लावून विचारता आलं असतं. पण देवी काय म्हणेल याची मला जरा जास्तच खात्री होती, म्हणून नाही विचारलं.

होळीच्या सुमाराला मळणी झाली. पीठ जरा काळपट, कणीक चिकट, लाटताना पोळी फाटायची. पण चवीला गोडसर. मी रोज खायला लागले. सासूबाई माझ्या ताटाकडे बघायच्या आणि गप्प बसायच्या. त्यांचं गप्प बसणं मला होकारच वाटला.

आणि मग कराडचं स्थळ आलं. मुलगी आधीच पसंत होती. मुलाची आई घर बघायला आणि शेवटचं बोलायला आली होती. बाई मोठ्या रुबाबदार. छाप पाडावी म्हणून मी चहा देतानाच सांगितलं, "शकूसाठी मी गहू सोडलाय हो."

त्यांचा चेहरा फुलला. "आशी भावजय मिळाया नशीब लागतं. जेवाया माज्याच शेजारी बसा."

बसले. शकू वाढत होती. पलीकडच्या सोप्यात पुरुषांची पंगत. मी सवयीने पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. बाईंचा हात ताटातच थांबला.

"आवं, गहू सोडलाय म्हणाला न्हवं?"

"हा गहू नाही," मी ठामपणे म्हटलं. "याची आई तेवढी गहू आहे. बाप दुसरा. आणि गोत्र बापाचं लागतं."

"मंजी आईचं काईच लागत न्हाई?"

"शास्त्राने नाही लागत."

हे मी मुलाच्या आईला सांगत होते, बरं का.

"आस्सं. नऊ म्हैनं पोटात वागवला, त्यो निस्ता पाव्हणा व्हय?" बाईंनी ताट सरकवलं. सोप्यात जेवणाऱ्या मुलाला हाक दिली, "आनंदा, ऊठ रं."

शकूचे डोळे भरलेले मी पाहिले. घाबरले की मला खाण्याचा आधार लागतो. मी भला मोठा घास तोंडात कोंबला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "गिळू नका. आदी सांगा, आईचं लागतं का न्हाई?"

मी मान हलवली. लागतं.

"मग ह्यो गहूच?"

पुन्हा मान हलवली. गहूच.

"मग तुमचा नवस मोडतुया. मोडल्या नवसाची सून मी घरात कशी घिऊ?"

आता गिळावं तर नवस जातो, थुंकावं तर अन्नाचा अपमान. गाल फुगवून मी मनात यमाईला म्हटलं, आई, चुकले मी, पण पोरीकडे बघ.

बाई शकूकडेच बघत होत्या. एकाएकी पदर खोचून उठल्या. "सुभेदार, सुपारी काढा. तुमच्या बायकूच्या तोंडात घास हाय, त्यो पोटात जायच्या आत लगीन ठरू द्या."

यांनी सुपारी आणली, पण अडकित्ता कुणाला सापडेना. घास विरघळत चाललेला, आणि मी डोळ्यांनीच वरवंटा दाखवतेय. शेवटी वरवंट्यानेच सुपारी फुटली आणि मी गिळलं. शकू रडता रडता फसकन हसली.

हात धुताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "ह्यो घास सुटला गं. पर होळीपास्नं खाल्ल्याल्या पोळ्यांचं काय?"

त्याचा निकाल विहीणबाईंनी लावला. लग्नाच्या पंगतीत पुरणपोळीचं ताट माझ्यापर्यंत आलं, तोच त्यांनी वाढप्याला अडवलं. "ह्यास्नी भाकरी वाढ. ह्यांचा नवस फिटायचा हाय."

तेव्हा बायांनो, एवढं ऐका. तुम्हीही नवस करा. देवी देते, शकूला दिलंच. फक्त जे धान्य सोडाल, ते ज्याचं आजोळ असेल तेही सोडा.